दगडांच्या खोऱ्यातला पाळक

आजचं वाचन: यशया, अध्याय ५८



यशयाचा ५८ वा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी उपासाच्या काळात ऐकलेला असतो. देवाला कोणता उपास आवडतो, भुकेल्याला भाकरी, उघड्याला वस्त्र, हे सगळं तोंडपाठ. पण १२ व्या वचनापर्यंत आपण सहसा पोहोचत नाही. तिथे देव त्याच्या लोकांना एक नवीन नाव देतो. पडलेल्या भिंती पुन्हा उभारणारे आणि लोकांना राहता यावं म्हणून वाटा नीट करणारे, असं ते नाव आहे. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे वाट नीट करणे हे शब्द वाचले की मला खडी, मुरूम आणि फावडंच दिसतं. बरेच प्रचारक याचा अर्थ आत्मिक वाट असाच लावतात. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. पण आज ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याने हे वचन कुदळ हातात घेऊन पाळलं.

त्याआधी एक कबुली. चार वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघाने पैसे गोळा करून एका डोंगरातल्या वाडीवर पाण्याचा फिल्टर बसवला. वाडीचं नाव लिहीत नाही. फीत कापली, दोन गाणी म्हटली, ग्रुप फोटो काढला, संध्याकाळपर्यंत घरी. वर्षभराने आमच्यातला एक जण तिकडून जात होता, त्याने थांबून पाहिलं. फिल्टर बंद होता आणि त्याच्या लोखंडी स्टँडला शेळी बांधलेली होती. आतली कांडी बदलायची असते हे आम्ही कुणाला शिकवलंच नव्हतं. पण जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्या दिवशीच तिथल्या बायकांनी आम्हाला सांगितलं होतं की पाण्यापेक्षा ओढ्यावरच्या साकवाचं बघा, पावसाळ्यात पोरांची शाळा दोन-दोन महिने बुडते. आम्ही हो हो म्हणालो. फिल्टर आधीच विकत घेऊन झाला होता ना.

ही गोष्ट डोक्यात असतानाच मी ओबर्लिन यांचं चरित्र वाचायला घेतलं. त्यामुळे ते मला जरा टोचलं. तुम्हालाही टोचलं तर टोचू दे.

योहान फ्रीडरिश ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी स्ट्रासबर्ग शहरात झाला. फ्रेंच लोक त्यांना जाँ-फ्रेदेरिक म्हणतात. आल्सास हा प्रांतच असा आहे की माणसाला दोन नावं लागतात, एक जर्मन, एक फ्रेंच. वडील शिक्षक, घर मोठं, पैसा बेताचा. थोरला भाऊ पुढे नावाजलेला भाषापंडित झाला. फ्रीडरिश मात्र ईश्वरविज्ञान शिकले आणि मग एका शल्यवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. त्या घरात त्यांनी बघून बघून थोडंफार वैद्यक उचललं. देवाच्या योजनेत काही फुकट जात नाही म्हणतात, त्याचा पुढे उपयोग झाला.

१७६७ साल. ओबर्लिन सत्तावीस वर्षांचे होत आले होते आणि फ्रेंच सैन्यातल्या एका पलटणीचे धर्मगुरू होण्याची तयारी चालली होती. अशा वेळी श्टुबर नावाचे एक पाळक त्यांना शोधत आले. ओबर्लिन माळ्यावरच्या एका छोट्या खोलीत राहत होते. पलंगाला पडदे होते ते कागदाचे, आणि स्वारी दातदुखीने हैराण होऊन पडलेली. श्टुबरना ती गरिबी बघून आनंद झाला म्हणे. कारण ते ज्या जागेसाठी माणूस शोधत होते तिथे मऊ गादीवर झोपणारा टिकला नसता.

ती जागा म्हणजे वोझ पर्वतरांगेतलं एक खोरं. फ्रेंचमध्ये बाँ द ला रोश, जर्मनमध्ये श्टाइनटाल, म्हणजे दगडांचं खोरं. नाव अगदी रास्त होतं. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमाँ, बेलफॉस आणि सोल्बाख अशी पाच गावं मिळून एक मंडळी. जमीन पातळ आणि रेताड, थंडी लांबलचक, बर्फ पडला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. लोक बटाट्यावर जगायचे, आणि बटाटा गेला की रानटी सफरचंदं आणि पाला. भाषा अशी एक बोली की ती खोऱ्याबाहेर कुणाला धड कळायची नाही. लोक लुथरन, पण चहूबाजूंनी कॅथलिक मुलूख.

श्टुबर यांच्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण अशा माणसांना आपण पुढच्याच्या तेजात विसरतो. ते पहिल्यांदा १७५० मध्ये तिथे गेले तेव्हा शाळा बघायची म्हणून त्यांना एका झोपडीत नेलं. पोरं दंगा करतायत आणि कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारा पडलाय. हाच मास्तर. चौकशी केली तर तो काहीच शिकवत नव्हता, कारण त्याला स्वतःलाच काही येत नव्हतं. तो गावची डुकरं राखायचा. म्हातारपणी ते झेपेना म्हणून गावाने त्याला पोरं राखायला दिली.

श्टुबरनी चांगले तरुण शिक्षक शोधायला सुरुवात केली, तर कुठलंही बरं घर आपला मुलगा मास्तर करायला तयार नाही. कामाला इज्जतच नव्हती. तेव्हा त्यांनी पदाचं नावच बदललं. मास्तर नाही, आता ‘रेजां’, म्हणजे कारभारी म्हणा हवं तर. मग तयार झाले लोक! हे वाचून मी हसलो, आमच्या ऑफिसात दरवर्षी असंच होतं, काम तेच आणि पद नवीन. पण श्टुबरना माणसाचा मान कशात अडकलेला असतो ते बरोबर कळलं होतं. त्यांनी वाचनाची पुस्तिका तयार केली, गावोगाव फिरणारं छोटं वाचनालय उभं केलं. तरुण बायको तिथेच गेली. आणि शहरात बदली ठरली तेव्हा आपल्या जागी योग्य माणूस मिळेपर्यंत त्यांनी चैन पडू दिलं नाही. हँडओव्हर म्हणजे काय ते श्टुबरकडून शिकावं.

मार्च १७६७ च्या शेवटी ओबर्लिन वाल्डर्सबाखला आले. पुढची एकोणसाठ वर्षं ते तिथेच होते.

सुरुवात गोड नव्हती. नवा पाळक फार सुधारणा बोलतो म्हणून काही जण चिडले आणि त्याला वाटेत गाठून चोपायचं ठरलं. ओबर्लिनना हे कळलं. त्या रविवारी त्यांनी प्रभूच्या डोंगरावरच्या शिकवणीतून, दुष्टाला प्रतिकार न करण्याबद्दल बोध केला आणि उपासनेनंतर ते सरळ त्या घरी गेले जिथे ही मंडळी कट करत बसली होती. दारात उभं राहून सांगितलं की तुमचा बेत मला माहीत आहे, मी स्वतःच आलो आहे, म्हणजे तुम्हाला लपून छपून दबा धरायचं पाप नको. ते लोक वरमले. दुसऱ्या एका वेळी त्यांना पाण्याच्या टाकीत बुचकळायचं ठरलं होतं. तेव्हा ते परतताना घोड्यावरून पळून न जाता लगाम हातात धरून सावकाश चालत गेले. कुणी हात लावला नाही.

आता रस्त्याची गोष्ट, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

खोऱ्यातून स्ट्रासबर्गच्या मोठ्या रस्त्याकडे जायला धड वाट नव्हती. मध्ये ब्रूश नदी. पावसात आणि बर्फात पलीकडे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. साधं फावडं मोडलं तरी शहरात जाऊन यायला दोन दिवस मोडायचे. पिकलेलं विकता यायचं नाही, लागणारं आणता यायचं नाही. ओबर्लिनच्या लक्षात आलं की इथल्या गरिबीचं मूळ आळसात नाही, वाटेत आहे. त्यांनी लोकांना बोलावलं आणि सांगितलं की खडक फोडू, नदीकाठाने मैल-दीड मैल भिंत बांधून रस्ता काढू आणि रोथाऊजवळ पूल टाकू.

लोकांना वाटलं, पाळकाचं डोकं फिरलं. प्रत्येकाकडे कारण तयार होतं. माझं शेत आहे, माझी पाठ दुखते, हे सरकारचं काम आहे. ओबर्लिननी सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. खांद्यावर कुदळ टाकली, एका विश्वासू माणसाला बरोबर घेतलं आणि सगळ्यात वाईट जागी जाऊन खणायला लागले. काट्यांनी हात फाटले, दगड अंगावर आले. थोड्या वेळाने एक जण आला, मग दुसरा, मग गावच. बारकी कामं त्यांनी म्हाताऱ्यांना आणि अशक्तांना वाटून दिली, म्हणजे कुणी बाहेर राहू नये. अवजारं कमी पडली तेव्हा स्ट्रासबर्गच्या ओळखीच्या लोकांकडून मागवली, पैसे उभे केले. रविवारी ते व्यासपीठावरून बोध करायचे आणि सोमवारी सकाळी दोनशे माणसांच्या पुढे कुदळ घेऊन चालायचे. रस्ता झाला. पूल झाला. त्या लाकडी पुलाला नाव पडलं प्रीतीचा पूल.

इथे मी वाचताना थांबलो. ओबर्लिन बाहेरचे होते, शहरी होते, विद्यापीठात शिकलेले होते, म्हणजे आपल्यासारखेच. रस्ता हवा ही कल्पनाही त्यांचीच. मग आमच्या फिल्टरमध्ये आणि त्यांच्या पुलात फरक काय? माझं उत्तर असं की ते संध्याकाळी घरी गेले नाहीत. त्यांचं घर तिथेच होतं, ज्या पुराने गावाचे हाल व्हायचे त्यानेच त्यांचेही व्हायचे. आणि रस्त्यात गावाचा घाम होता. येत्या शनिवारी आम्ही तिघं त्या वाडीवर परत जातोय. काही घेऊन जात नाही, फक्त साकवाची जागा बघायची आणि ऐकायचं.

रस्ता झाल्यावर पुढची कामं भराभर सुटत गेली. ओबर्लिननी शेतीच्या अवजारांचं एक कोठार उघडलं. खरेदीच्या भावात अवजार न्यायचं आणि जमेल तसे पैसे द्यायचे. गावात गवंडी नव्हता, सुतार नव्हता, लोहार नव्हता. त्यांनी हुशार पोरं निवडून स्ट्रासबर्गला कामं शिकायला पाठवली, ती कारागीर होऊन परत आली आणि त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं. एक कर्जनिधी सुरू केला, आपल्याकडच्या पतपेढीसारखाच म्हणा, पण बिनव्याजी. नियम मात्र कडक. ठरलेल्या दिवशी परत केलं नाही तर काही काळ पुन्हा कर्ज नाही. मला हे फार आवडलं. दया होती, पण हिशेबात ढिलाई नव्हती. गरिबाला शब्द पाळता येतो हा विश्वास त्या नियमात होता.

बटाट्याचं बियाणं पिढ्यानपिढ्या तेच वापरून निकामी झालं होतं. बाहेरून नवं बियाणं मागवलं. पण शेतकऱ्याला पाळकाने शेती शिकवायची म्हणजे काय होणार? हसतीलच. म्हणून ओबर्लिननी बोलणं बंद केलं आणि पाळकाच्या वाट्याचे दोन तुकडे निवडले, जे अगदी पायवाटेला लागून होते आणि सगळ्यात नापीक म्हणून प्रसिद्ध होते. तिथे चर खणले, खत घातलं, फळझाडं लावली. येणारा-जाणारा रोज बघतोय. झाडं वाढली तेव्हा लोक स्वतःच विचारायला आले, आणि मग त्यांनी कलमं करायला शिकवलं. पाला, चिंध्या, जुने जोडे, कुजणारं काहीही वाया न घालवता खतात टाकायला त्यांनी शिकवलं. पुढे तर दृढीकरणाला बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने दोन झाडं लावल्याचा दाखला आणायचा असा रिवाज झाला. कल्पना करा, आपल्या पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या वर्गात हे सांगितलं तर!

पण माझ्या मते त्या खोऱ्यातलं सगळ्यात मोठं काम ओबर्लिननी सुरू केलेलंच नाही. ते एका मुलीने सुरू केलं. बेलमाँ गावची सारा बांझे. मोठी माणसं शेतावर गेली की लहान लेकरं दिवसभर मोकाट. ही मुलगी त्यांना गोळा करून घरी बसवायची आणि विणकाम शिकवायची. सुया टकटक चालायच्या आणि तोंडाने गोष्टी. १७६९ मध्ये ओबर्लिनच्या हे कानावर आलं. सगळ्या गावांत आपण असं करूया असं ते म्हणाले. साराच्या वडिलांना मात्र हे मुलीला शोभत नाही असं वाटत होतं, त्यांची समजूत काढावी लागली. मग पाचही गावांत अशा खोल्या निघाल्या. ओबर्लिन आणि त्यांची पत्नी मादलेन सालोमे यांनी मिळून तरुण बायकांना तयार केलं. लहान मुलं विणता विणता फ्रेंच शिकायची, झाडापानांची नावं, चित्रं, बायबलातल्या गोष्टी, गाणी, नकाशे. आज ज्याला आपण बालवाडी म्हणतो तिच्या युरोपातल्या अगदी पहिल्या रूपांपैकी हे एक. सारा तिशी गाठायच्या आत, १७७४ मध्ये वारली. तिचं नाव लक्षात ठेवा.

मोठ्या मुलांच्या शाळांचंही सोपं नव्हतं. गावकरी इमारतीला तयार नव्हते, कारण बांधली की दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात येईल ही भीती. ओबर्लिननी लिहून दिलं की मंडळीवर बोजा टाकणार नाही. त्यांचं स्वतःचं पाळकाचं घर त्या वेळी पडायला आलेलं होतं, छप्पर गळत होतं. तरी शाळा आधी, घर नंतर. नवीन पाळकगृह झालं ते १७८७ मध्ये, म्हणजे ते आले त्यानंतर वीस वर्षांनी.

पैसा यायचा कुठून? जुन्या करारात दशांशाचे वेगवेगळे नियम आहेत ते वाचून त्यांनी आपल्या उत्पन्नाचे तीन दशांश काढायला सुरुवात केली. घरात तीन पेट्या होत्या. एक देवाच्या उपासनेच्या कामासाठी, एक रस्ते-शाळांसारख्या लोकोपयोगी कामासाठी, एक गरिबांसाठी. साखर आणि कॉफी त्यांनी सोडली, कारण ती गुलामांच्या मेहनतीवर पिकते हे त्यांना खपत नव्हतं. इन्स्टावर काही लिहिण्याची सोय नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

१७७८ च्या जानेवारीत त्यांच्या दारात एक तरुण येऊन उभा राहिला. लेन्झ नावाचा जर्मन कवी, मनाने पार मोडलेला. रात्री उठून तो थंड पाण्याच्या हौदात उड्या मारायचा. फूदे गावात एक लेकरू वारलं, तर हा प्रार्थनेने त्याला उठवायला गेला, आणि ते उठलं नाही तेव्हा अजूनच खचला. ओबर्लिननी त्याला सुमारे तीन आठवडे घरात ठेवलं. शेवटी जिवाला धोका दिसला तेव्हा माणसं बरोबर देऊन स्ट्रासबर्गला पाठवलं. बरा करता आला नाही त्यांना तो. त्यांनी जे घडलं ते तसंच टिपून ठेवलं, आणि त्या टिपणावरून ब्युखनर या लेखकाने पुढे एक कथा लिहिली जी जर्मन साहित्यात आजही वाचली जाते. मला वाटतं चरित्रातलं हे पान कुणी गाळू नये. प्रार्थना केली आणि माणूस बरा झाला नाही, हेही सेवेत घडतं.

जानेवारी १७८३ मध्ये मादलेन गेल्या. नवव्या मुलाच्या जन्मानंतर थोड्याच काळात. लग्नाला पंधरा वर्षं झाली नव्हती. घरात लहान लहान मुलं. ओबर्लिन म्हणायचे की ती त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांना भेटत होती, बोलत होती. स्वर्गातल्या निवासस्थानांचा त्यांनी नकाशासुद्धा काढला होता. हे मी लपवत नाही. माझ्या विश्वासात हे बसत नाही आणि वचनाच्या बाहेर जाणं आहे असं मला वाटतं. पण इतकं सरळ, हिशेबी काम करणारा माणूस रात्री आपल्या बायकोची वाट बघत बसायचा हे वाचलं की मत देण्याआधी जरा गप्प व्हावंसं वाटतं.

त्या घराला सावरलं लुईझ शेप्लरने. बेलफॉसची शेतकऱ्याची मुलगी, १७६३ चा जन्म. पंधरा वर्षांची असताना पाळकाच्या घरी कामाला आली. मादलेन गेल्यावर सगळं घर तिने अंगावर घेतलं, आणि बालशाळांचं कामही. एका गावाहून दुसऱ्या गावी, बर्फातून, कंबरेएवढ्या पाण्यातून. १७९३ मध्ये तिने ओबर्लिनना चिठ्ठी लिहून विनंती केली की मला यापुढे पगार देऊ नका, मला तुमच्या घरची लेक समजा. लग्न केलं नाही.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटलेली. ओबर्लिनना तिची समता आणि बंधुता आवडली होती. थोरला मुलगा स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेला आणि १७९३ मध्ये मारला गेला. नंतर उपासनेवर बंदी आली. प्रत्येक गावात क्लब भरवा, वक्ता निवडा आणि जुलमाविरुद्ध भाषणं करा, असा हुकूम सुटला. गावकऱ्यांनी वक्ता म्हणून कोणाला निवडलं असेल? मग जागा कोणती बरी पडेल असा प्रश्न आला, तर देवळाची इमारतच सोयीची निघाली. आणि जुलमी कोण, तर आपल्या मनातला राग, लोभ, मत्सर, यांच्यावरच भाषण! पळून आलेल्या लोकांना त्यांनी घरात आसरा दिला. १७९४ मध्ये त्यांना अटक झाली, पण थोड्याच दिवसांत रोबस्पिएरची सत्ता कोसळली आणि ते सुटून घरी आले.

क्रांतीच्या सरकारने छापलेल्या कागदी नोटांची किंमत मातीमोल झाली तेव्हा खोऱ्यातल्या गरिबांच्या हातातल्या नोटा ओबर्लिन हळूहळू स्वतः परत घेत राहिले. देशाने दिलेला शब्द देशाने मोडला, तर आपल्या पाच गावांपुरता तो आपण पाळायचा, असं त्यांचं गणित. याला कित्येक वर्षं लागली. नोटाबंदीच्या रांगा आठवणाऱ्यांना याचं वजन कळेल.

जंगलाच्या हक्कावरून गावकरी आणि जमीनमालक यांच्यात ऐंशी वर्षांहून जास्त काळ एक खटला चालू होता. आजोबांनी सुरू केलेला, नातवांनी चालवलेला. मिळालं काहीच नाही, फक्त वकील जगले. ओबर्लिननी समजावून समजावून १८१३ मध्ये तडजोड घडवली, आणि ज्या लेखणीने प्रांताधिकाऱ्याने सही केली ती लेखणी गावांनी त्यांना दिली. त्याच सुमारास बाझलच्या लग्रां कुटुंबाने फिती विणण्याचा उद्योग फूदेमध्ये आणला. घरोघरी माग बसले. बालपणापासून सुया हातात धरलेल्या लोकांना ते काम जड गेलं नाही.

म्हातारपणी मानसन्मान आले. १८१८ मध्ये पॅरिसच्या शेतकी संस्थेचं सुवर्णपदक, १८१९ मध्ये राजाकडून लीजन ऑफ ऑनर. पण मला जास्त भावतं ते त्यांचं शुक्रवारचं चित्र. त्या दिवशी जर्मन बोलणाऱ्यांसाठी छोटी उपासना असायची. बायका विणकाम घेऊन बसायच्या, ओबर्लिन मध्ये बसून वाचायचे, समजावायचे, आणि तपकिरीची डबी हातोहात फिरायची. तास झाला की ते विचारायचे, बास का अजून? लोक म्हणायचे, जरा अजून. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. प्रभुभोजनाला कॅथलिक आला, कॅल्विनवादी आला, तरी ते कुणाला परत पाठवत नसत. आणि खोलीच्या दारावर खडूने मंडळीतल्या लोकांची नावं लिहिलेली असायची, प्रार्थनेत कुणी सुटू नये म्हणून.

१८१७ मध्ये मुलगा हेन्री गेला. त्या आधीच्या वर्षी पिकं बुडून मोठा दुष्काळ पडलेला. ओबर्लिन सत्याहत्तर वर्षांचे होते आणि तरीही धान्य वाटपाच्या याद्या बघत होते.

१ जून १८२६ रोजी, पंच्याऐंशी वर्षांचे असताना, ते वाल्डर्सबाखला वारले. दफन फूदेला झालं. प्रेतयात्रा इतकी लांब होती की पुढचे लोक फूदेच्या देवळाशी पोहोचले तरी मागचे अजून वाल्डर्सबाखमधून निघत होते असं सांगतात. पाऊस पडत होता. वाटेवर कॅथलिक बायका शोकाच्या कपड्यांत गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होत्या. अमेरिकेत ओहायोमध्ये १८३३ साली एक कॉलेज आणि गाव त्यांच्या नावाने सुरू झालं, आणि वाल्डर्सबाखच्या त्या पाळकगृहात आज संग्रहालय आहे.

मृत्यूनंतर ओबर्लिनच्या मुलांनी लुईझला वारशात आपल्या बरोबरीचा वाटा देऊ केला. वडिलांनीच तिला त्यांच्या हाती सोपवून ठेवलं होतं. तिने वाटा घेतला नाही. एवढंच मागितलं की माझ्या नावापुढे ओबर्लिन हे नाव लावू द्या. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणासाठीचं पारितोषिक दिलं, ५,००० फ्रँक. ते पैसे तिने त्याच पाच गावांतल्या गरिबांवर खर्च केले, आणि १८३७ मध्ये मरेपर्यंत ती लेकरांना शिकवत राहिली.

उद्याचं वाचन: यशया, अध्याय ५९